अनघड रत्नांची व्यापारी परिभाषा : पुणे परिसरातील बेसाल्टच्या खाणींच्या संदर्भात

प्रस्तावना

दापोडी येथे पवना नदी मुळेस मिळते. या संगमापासून उत्तरेकडे पिंपरी, भोसरी, मोशी आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा काळ्या पाषाणावर उभा आहे आणि बऱ्याच अंशी काळ्या पाषाणाचाच बनलेला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोडीचे मेट्रो स्थानक सुरू झाले. या दोन घटनांच्या दरम्यान येथे जे पाये, रस्ते, पूल आणि खांब उभे राहिले, त्यांच्या काँक्रीटमध्ये बेसाल्टची खडी आहे. अशी खडी पुरविणाऱ्या पुणे परिसरातील खाणींतून, क्वचित का होईना, जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडले जाणारे स्फटिकही बाहेर पडतात. ही गोष्ट परिसरातील फार थोड्या लोकांस ठाऊक असते.

हे स्फटिक बाजारात येतात ते न कापलेल्या, न घासलेल्या अवस्थेत. या अवस्थेस मराठीत 'अनघड' हा नेमका शब्द आहे. व्यापारात मात्र 'रफ', 'स्पेसिमेन', 'मॅट्रिक्स', 'फॅसेट ग्रेड', 'टम्बल' असे अनेक शब्द वावरतात. ग्राहक ही खनिजांची नावे समजतो, किंवा गुणवत्तेची प्रमाणपत्रे समजतो. वास्तविक यांतील बहुतेक शब्द दगड कोणता आहे हे सांगत नाहीत. त्या दगडाचे पुढे काय व्हायचे आहे एवढेच ते सांगतात. प्रस्तुत लेखात या परिभाषेचा उलगडा पुणे परिसरातील खनिजांच्या आधारे केला आहे.

खाणीतील पोकळ्या

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. प्रत्येक थर थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या निर्माण झाल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांच्या भिंतींवर सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम यांची संयुगे स्फटिकरूपाने बसविली. पोकळी पूर्ण भरली तर बदामासारखा भरीव गोळा तयार होतो. अर्धवट भरली तर आत स्फटिकांचे अस्तर असलेला पोकळ गोळा मिळतो. दुसऱ्या प्रकारास व्यापारात 'जिओड' म्हणतात. ज्या पोकळीस स्वतःचे वेगळे कवच नसते, खडकाची भिंत हीच जिची भिंत असते, ती 'व्हग'. जिओड खडकातून सुटा काढता येतो, व्हग फोडूनच न्यावी लागते. म्हणूनच व्हगमधील स्फटिकांबरोबर खडकाचा तुकडा येतो.

या स्फटिकांकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात वेधले गेले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेमार्गाचे काम चालू असताना बोगद्यांच्या खोदकामातून अपोफिलाइट आणि झिओलाइट गटातील खनिजांचे मोठे, निर्दोष स्फटिक मिळाले. घाटाच्या वरचा खंडाळा ते पुणे हा मार्ग त्याआधीच, १८५८ मध्ये, सुरू झाला होता. दापोडीवरून जाणारा लोहमार्ग तो हाच. रेल्वेने खनिजे उघडी केली आणि रेल्वेनेच ती मुंबई बंदरापर्यंत नेण्याची सोय केली.

ब्रास, किलो, नग आणि कॅरट

खाणीतील एकाच दगडाच्या वाट्याला चार प्रकारची मापे येऊ शकतात. व्यापारी परिभाषा समजून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग या मापांतून जातो.

पहिले माप ब्रास. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, सुमारे २.८३ घनमीटर. बांधकामाचा दगड हे १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार गौण खनिज आहे आणि महाराष्ट्रात त्यावरील स्वामित्वधनाचा हिशोब ब्रासवर होतो. ब्रासच्या हिशोबात पोकळीला किंमत नाही. उलट पोकळ्यांनी भरलेला दगड खडीसाठी हलका समजला जातो. दुसरे माप किलो. अकीक, जॅस्पर, गारगोटी किंवा फुटके स्फटिक पोत्याने गोळा होतात, आणि फिरत्या पिंपात वाळू व पाण्याबरोबर घासून त्यांचे गुळगुळीत खडे करतात. अशा मालास 'टम्बल' म्हणतात. तिसरे माप नग. येथे वजन जवळजवळ निरर्थक ठरते. आकार, अखंडता, रंग, खनिजांची संगत आणि मूळ स्थळ पाहून एकेका नमुन्याची किंमत ठरते. चौथे माप कॅरट, म्हणजे २०० मिलिग्रॅम. हे प्रमाण १९०७ पासून आंतरराष्ट्रीय व्यवहारात रूढ होत गेले. पैलू पाडलेले रत्न कॅरटवर विकले जाते, तसेच मौल्यवान जातीचा अनघड खडाही.

एखादा विक्रेता टम्बलच्या दर्जाचा माल 'रत्न' म्हणून कॅरटच्या भावाने देऊ करतो, तेव्हा त्याने शब्द बदललेला नसतो, फक्त माप बदललेले असते. एक किलो म्हणजे ५,००० कॅरट. शंभर रुपये किलोचा दगड दोन रुपये कॅरट या भावाने विकला, तर ग्राहकास तो स्वस्त वाटतो आणि विक्रेत्यास दहा हजार रुपये मिळतात.

या मापांची दुसरी बाजू खाणीतच दिसते. दगड फोडणाऱ्याची मजुरी पूर्वापार ब्रासवर ठरत आली. सुरुंग उडाल्यावर पोकळी उघडी पडते ती त्याच्या समोर. स्फटिक वाचणार की क्रशरमध्ये जाणार, याचा निर्णय काही क्षणांत त्याच्याच हाताने होतो. तो हात थांबला तरच पुढचा सर्व व्यापार संभवतो. परंतु नगाच्या किमतीचे ज्ञान खाणीपासून जितके दूर जावे तितके वाढत जाते, आणि किंमतही त्याच प्रमाणात वाढते. वाघोलीच्या खाणकामगारांच्या मुलांसाठी 'संतुलन' या संस्थेने पाषाण शाळा चालविल्या, हे पुण्यात अनेकांस माहीत आहे. त्याच वाघोलीच्या नावाने परदेशांतील खनिजांच्या प्रदर्शनांत निळ्या स्फटिकांचे नमुने विकले जातात, हे त्या मानाने कमी लोक जाणतात.

'रफ' या शब्दाच्या पोटातील अर्थ

व्यापारात 'रफ' हा शब्द सर्वांत सैल आहे. ज्यास अद्याप अंतिम रूप दिलेले नाही असे काहीही रफ होऊ शकते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात हिरे वगळता इतर रत्नांसाठी ७१०३ हे शीर्षक असून, त्याच्या ७१०३.१० या उपशीर्षकात अनघड खड्यांबरोबरच केवळ करवतीने कापलेले किंवा ओबडधोबड आकार दिलेले खडेही येतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कापलेला दगडही अनघड असू शकतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा या अनघड मालावर ०.२५ टक्के इतका अल्प दर ठेवण्यात आला. खनिजशास्त्रीय संग्रहासाठीचे नमुने मात्र ९७०५ या वेगळ्या शीर्षकाखाली, पुराणवस्तू आणि प्राणिशास्त्रीय संग्रहांच्या पंगतीत बसतात. व्यापाऱ्याच्या 'रफ' आणि 'स्पेसिमेन' या दोन शब्दांमधील भेद करव्यवस्थेनेही मान्य केला आहे, असे यावरून दिसते.

रफचे पुढील प्रकार उपयोगावरून पडतात. ज्यातून पारदर्शक, निर्मळ भाग मिळून पैलू पाडता येतील तो 'फॅसेट ग्रेड'. जो अर्धपारदर्शक किंवा अपारदर्शक असून घुमटाकार घासण्यास योग्य आहे तो 'कॅब ग्रेड'. 'कॅब' हे कॅबोशॉनचे लघुरूप. त्याखाली मणी, कोरीव काम आणि टम्बल यांसाठीचा माल येतो. खाणीतून जसा निघाला तसा, न निवडलेला माल 'माइन रन' म्हणून विकला जातो. मात्र माइन रन म्हणून पुढे आलेल्या मालातून उत्तम खडे कोणी आधीच वेचले नाहीत, याची खात्री शब्दावरून होत नाही. हातोडीने अनावश्यक खडक उडवून दिलेला माल, आणि जवळजवळ अंतिम आकारापर्यंत आणलेला 'प्रीफॉर्म', हे या क्रमातील पुढचे टप्पे होत.

खड्याच्या एका बाजूस लहानसा भाग घासून चकचकीत केलेला असतो. त्यास 'विंडो' म्हणजे खिडकी म्हणतात. आतील रंग व दोष पाहता यावेत हा तिचा मूळ हेतू. परंतु खिडकी कोठे उघडावी हे विक्रेता ठरवितो, आणि ती सर्वांत स्वच्छ बाजूसच उघडली जाणे स्वाभाविक आहे. अनुभवी खरेदीदार खिडकीतून आत पाहतो आणि नंतर खडा उलटून, उजेडासमोर धरून, जिथे खिडकी नाही ती बाजू पाहतो. 'एएए' सारख्या अक्षरांचीही गत अशीच आहे. रंगीत रत्नांच्या अनघड मालासाठी सर्वमान्य अक्षरश्रेणी अस्तित्वात नाही; ही अक्षरे प्रत्येक विक्रेत्याची स्वतःची असतात.

कापताना वजनाची घट मोठी होते. निम्म्याहून अधिक वजन जाणे ही सामान्य बाब आहे. भेगा आणि डाग असलेल्या खड्यात याहूनही पुष्कळ जाते. म्हणून अनघड खड्याचा कॅरटचा भाव आणि तयार रत्नाचा कॅरटचा भाव यांची थेट तुलना करणे व्यर्थ होय.

हिऱ्याच्या अनघड मालाची परिभाषा याहून काटेकोर आहे. करवतीने दोन भाग करण्याजोगा, सरळ एकच रत्न घडविण्याजोगा, आणि केवळ भुकटीसाठी उपयोगी असलेला 'बोर्ट', असे तिचे वर्ग आहेत. २००३ पासून किम्बर्ली प्रक्रियेने 'रफ डायमंड' या शब्दास प्रमाणपत्राचे बंधनही घातले. रंगीत खड्यांच्या व्यापारात अशी जागतिक शिस्त नाही.

ज्याचे मूल्य न कापण्यात आहे

आतापर्यंतची परिभाषा दगड पुढे कापला जाणार हे गृहीत धरते. पुणे परिसरातील खनिजांचे वैशिष्ट्य असे, की त्यांतील बहुतेकांना हे गृहीतक लागूच पडत नाही. मोह्सच्या कठिनता मापक्रमावर स्टिल्बाइट ३.५ ते ४, अपोफिलाइट ४.५ ते ५ आणि कॅव्हॅन्साइट ३ ते ४ या दरम्यान येते. दैनंदिन धुळीत असणारी गारेची कणी ७ कठिनतेची असल्याने अशा खड्याची अंगठी अल्पावधीत ओरखड्यांनी भरते. अपोफिलाइट एका दिशेत सहज दुभंगते. त्याचे नावही, तापविले असता त्याचे पापुद्रे सुटतात या गुणावरून, ग्रीक भाषेतून घेतले आहे. लॉमोंटाइट तर कोरड्या हवेत पाणी गमावून आपोआप भुसभुशीत होते. अशा खनिजांचे सारे मूल्य निसर्गाने दिलेल्या आकारातच असते. त्यांना 'रफ' म्हणणे हे न्याय्य नाही. ते 'स्पेसिमेन' आहेत, म्हणजे नमुने आहेत; आणि नमुन्यास पैलू पाडणे म्हणजे त्याचा नाश करणे.

नमुन्यांची परिभाषाही यामुळे वेगळी घडली. सुमारे एक इंच घनात मावणारा तो 'थंबनेल', दोन इंचांपर्यंतचा 'मिनिएचर', त्याहून मोठे ते 'कॅबिनेट'. ज्या खडकावर स्फटिक वाढला तो खडक म्हणजे 'मॅट्रिक्स'. येथे एका शब्दाचे मोल कसे पालटते ते पाहण्याजोगे आहे. किलोने विकल्या जाणाऱ्या रफमध्ये मॅट्रिक्स हे निव्वळ मेलेले वजन असते आणि खरेदीदार ते वजा करून भाव सांगतो. नमुन्यात मात्र 'ऑन मॅट्रिक्स' असणे हा गुण ठरतो, कारण स्फटिक कोठे व कशाच्या संगतीने वाढला याचा तो पुरावा असतो. कोठेही न चिकटता सर्व बाजूंनी पूर्ण वाढलेला स्फटिक 'फ्लोटर' म्हटला जातो. स्टिल्बाइटचे मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे झुबके 'बो टाय' या नावाने, तर अपोफिलाइटचे गोलाकार, चमचमणारे पुंजके 'डिस्को बॉल' या नावाने विकले जातात. खेड्यातील पेंढीची उपमा जवळ असताना बाजाराने गळ्यातील बो पत्करला, हे ग्राहक कोठला आहे याचेच द्योतक मानावे लागेल.

दोन शब्दांतील भेद मात्र गंभीर आहे. 'रिपेअर्ड' म्हणजे तुटलेला मूळ तुकडाच पुन्हा चिकटविलेला. 'रिस्टोअर्ड' म्हणजे जो भाग नाहीसा झाला तो कृत्रिम पदार्थाने भरून काढलेला. प्रामाणिक विक्रेता दोन्ही गोष्टी नोंदवितो. याशिवाय तिसरा प्रकार आहे, ज्यास सभ्य व्यापारी संज्ञा नाही: एका ठिकाणचा स्फटिक दुसऱ्याच खडकावर डिंकाने बसविणे. कॅव्हॅन्साइटचे सुटे निळे गोळे पांढऱ्या स्टिल्बाइटवर चिकटविलेले नमुने बाजारात आढळले आहेत. भिंगाखाली सांध्याची रेषा, गोंदाची चमक आणि अतिनील प्रकाशात त्या जागेची वेगळी झळाळी यांवरून ते ओळखता येतात.

नावांचा घोळ

'झिओलाइट' ही संज्ञा १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट याने, तापविल्यावर उकळल्यासारख्या फसफसणाऱ्या खनिजांसाठी योजली. पुण्याच्या व्यापारात पोकळीतून निघणारे जवळजवळ सर्वच 'झिओलाइट' होते. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट ही खरोखर त्या गटातील. अपोफिलाइट, प्रेहनाइट आणि कॅव्हॅन्साइट ही नव्हेत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही चूक नसून सोय आहे. त्याचे वर्गीकरण पोकळीवरून होते, रासायनिक रचनेवरून नव्हे.

राशिरत्नांच्या बाजारात हा घोळ ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचतो. मराठी शास्त्रीय लेखनात 'पुष्कराज' म्हणजे टोपाझ, कठिनता ८. सराफाच्या पेढीवर 'पुष्कराज' म्हणजे बहुधा पिवळा नीलम, अर्थात कोरंडम, कठिनता ९. त्याच पेढीवर 'सुनेला' या नावाने मिळणारा खडा सिट्रीन, म्हणजे पिवळी गार, असतो आणि 'स्मोकी टोपाझ' हीही गारच असते. 'गोमेद' हा शब्द बाजारात हेसोनाइट या गार्नेटसाठी, तर भाषांतरित ग्रंथांत कधी अकीकासाठीही येतो. परिणामी इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला जाणाऱ्या ओनिक्सचा जो उल्लेख आहे, त्याचे भाषांतर 'गोमेद' असे वाचणारा आजचा वाचक अंगठीतील मधाळ रंगाचा खडा डोळ्यांसमोर आणतो. वास्तविक ते दख्खनच्या याच बेसाल्टमधील पट्टेदार कॅल्सेडनी असावे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननात कॅल्सेडनीची पाती आणि कार्नेलियनचे मणी मिळाले, तेव्हा या दगडाचा उपयोग पेरिप्लसहूनही एक सहस्रकाहून अधिक जुना ठरतो.

'नैसर्गिक' म्हणजे काय?

'नैसर्गिक' हा शब्द केवळ उत्पत्तीविषयी बोलतो. त्यानंतर खड्यावर काय झाले याविषयी तो मौन पाळतो. लाल अकीक अर्थात कार्नेलियन याचे उदाहरण बोलके आहे. गुजरातमधील रतनपूर येथे निघणारा मळकट पिवळसर दगड मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. त्यातील लोहाच्या संयुगातील पाणी निघून जाते आणि दगड तांबडा होतो. खंभातचे कारागीर त्याचे मणी करतात. दगड नैसर्गिक, रंग अग्नीने आणलेला. काळा 'ओनिक्स' बहुधा साखरेच्या द्रावणात मुरवून नंतर गंधकाम्लाने काळा केलेला कॅल्सेडनी असतो. माणिक व नीलम तापविणे ही तर सर्वमान्य रीत झाली आहे. म्हणून 'नैसर्गिक' याबरोबर 'प्रक्रिया न केलेला' हे शब्द स्वतंत्रपणे लिहून घ्यावे लागतात.

अनघड खडा म्हणजे तो नक्कीच नैसर्गिक असणार, हा समज त्याहून घातक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूय याने १९०२ मध्ये ज्वालासंगलनाने कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. त्या रीतीने तयार होणारे दंडगोल फोडून, कडा घासून, मातीत मळवून 'खाणीतला खडा' म्हणून विकणे कठीण नाही. काचेचे तुकडेही असेच वावरतात. रासायनिक दृष्ट्या कृत्रिम माणिक माणिकच असल्याने कठिनता वा विशिष्ट गुरुत्व यांवरून ते पकडले जात नाही. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वक्र वाढरेषा व वायूचे बुडबुडे त्याचे गुपित उघड करतात. पैलू पाडलेल्या खड्यात हे पाहणे सोपे असते. खरबरीत पृष्ठभागाच्या अनघड खड्यात प्रकाश आत शिरत नाही, आणि फसविणाऱ्याचा आसरा तोच असतो.

स्थळनाम आणि चिठ्ठी

स्थळावरून रत्नास नाव देण्याची पद्धत जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील रत्नपरीक्षेच्या प्रकरणात मोती, मणी व हिरे यांची वर्गवारी उत्पत्तिस्थानांवरून केलेली आढळते. विदर्भातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद 'आइन-इ-अकबरी'त आहे. कापलेल्या रत्नात स्थळनाम किंमत वाढविते. नमुन्यात ते किंमतीचा गाभाच असते.

पुण्याच्या वाट्यास या बाबतीत विचित्र भाग्य आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील सुईसारख्या स्फटिकांच्या एका खनिजास 'पूनाहलाइट' असे नाव देण्यात आले. पुढे ते नवे खनिज नसल्याचे ठरले आणि नाव इतिहासजमा झाले. 'पूना' हा शब्द मात्र चिठ्ठ्यांवर राहिला. पाषाणच्या टेकड्यांवरील खाणींतले व्हॅनेडियममुळे हिरवे झालेले अपोफिलाइट, वाघोलीचे कॅव्हॅन्साइट आणि दूरच्या गावचे स्टिल्बाइट या साऱ्यांवर 'पूना, इंडिया' एवढेच लिहिलेले आढळते. काही वेळा हे अज्ञानाने होते, काही वेळा आपला पुरवठ्याचा स्रोत झाकण्यासाठी जाणूनबुजून.

याची किंमत कॅव्हॅन्साइटच्या उदाहरणावरून कळते. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या घटकांवरून नाव मिळालेल्या या खनिजाचे प्रथम वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील नमुन्यांवरून झाले. तेथे ते अत्यल्प मिळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींत ते मोठ्या प्रमाणावर निघाले, आणि आज संग्रहालयांतील उत्तम नमुने बहुतेक तेथील आहेत. ते कोणत्या लाव्हाथरात, कोणत्या भग्न खडकात, कोणत्या खनिजानंतर वाढले, हे ठरविण्यास खाणीचे नेमके नाव आणि सोबतचा मॅट्रिक्स यांवाचून दुसरे साधन नाही. सिन्नर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'गारगोटी' संग्रहालयामुळे महाराष्ट्रातील असे नमुने राज्यातच पाहता येऊ लागले.

वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शहर वाढते तसतशा जुन्या खाणी बंद होतात, बुजतात, त्यांवर इमारती उभ्या राहतात. नवा दगड मिळण्याची शक्यता तेथे उरत नाही. अशा नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवर खाणीचे नाव, गाव, खोदकामाचे वर्ष, सोबतची खनिजे आणि केलेली दुरुस्ती एवढ्या पाच गोष्टी नमुना हाती येतो त्याच दिवशी लिहाव्या लागतात. खाण बुजल्यानंतर त्या कोणत्याही प्रयोगशाळेस पूर्णपणे भरून देता येत नाहीत.